पिक्चरमध्ये बोलला म्हणून मोडलेली सोयरीक

दौंडपासून शिरूरपर्यंत आमच्या पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख एकच आहे. नवरदेव पिक्चरमध्ये बोलला म्हणून सोयरीक मोडली ती पोरगी. लग्नाला गेले, बारशाला गेले, तरी कुणीतरी बाई शेजारणीच्या कानाला लागते आणि मग दोघी माझ्याकडं बघतात. तेराव्यालासुद्धा सोडत नाहीत. एकीनं तर पंगतीत तोंडावर विचारलं, "काय गं, नुसतं बोलला म्हणून? आमचं तर झोपंत बी बोलत्यात." मी हसून सोडून दिलं आणि घरी येईपर्यंत डोक्याची शीर उडत राहिली. आता एकदाचं सांगूनच टाकते. बोलायचंच आहे ना माझ्याबद्दल, तर पुरतं तरी बोला.

मी दौंड जंक्शनवर तिकीट खिडकीत बसते. ही नोकरी मला कुणी ताटात वाढून दिलेली नाही. परीक्षेत दोनदा आपटले. आई म्हणायची, पुरे आता, वय चाललंय. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्यांचा जन्म रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम करण्यात गेला. ते म्हणायचे, बसू दे तिला आणखी एकदा. निकाल लागला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मी कामाला लागल्यावर सुरुवातीला ते काही ना काही निमित्त काढून स्टेशनावर यायचे, लांब उभं राहून माझ्या खिडकीकडं बघायचे आणि निघून जायचे. त्यांना वाटायचं मला दिसत नाही. मला दिसायचं.

म्हणून स्थळं यायला लागली तेव्हा मी एकच अट घातली. मुलगा काळा असो, गोरा असो, शेती असो नसो, मी नोकरी सोडणार नाही. आप्पा म्हणाले, "नोकरी काय सोडायची गोष्ट हाय व्हय?" माझ्या लेखी विषय तिथंच संपला.

स्थळ आलं ते भीमेच्या पलीकडलं, शिरूर तालुक्यातलं. नदीकाठची जमीन, ऊस, दोन भाऊ. गावाचं नाव सांगत नाही, त्या गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही. धाकटा मुलगा माझ्यासाठी. दिसायला बरा, पदवीधर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. गावच्या राजकारणात होता. फक्त बोलायचा. बघायला आला तेव्हा चहावर साय धरली तरी याचं चालूच. पाण्याची पाळी, कारखान्याची तोड, कुणाचा पोरगा कुठं लागला, सगळं. माझी आत्या म्हणाली, मनमोकळा हाय. मलाही तसंच वाटलं. घुम्या माणसापेक्षा बोलणारा बरा, असं मी आईला म्हटल्याचं आठवतंय.

आता आमच्याकडं सोयरिकीची बैठक कशी असते ते सांगायला पाहिजे. बैठक पुरुषांची. दोन्हीकडचे मामा, चुलते, गावातली चार वजनदार माणसं सतरंजीवर बसतात, मधे ताटात सुपारी. मानपान, लग्न कुणाच्या दारात, जेवण काय, सगळं तिथं बोलून घेतात आणि मग सुपारी फोडतात. एकदा फुटली की शब्द गेला. ज्या पोरीचं लग्न ती त्या खोलीत नसते. मला तर घरातही ठेवलं नव्हतं. शेजारच्या काकूंकडं नेऊन साडी नेसवत बसल्या होत्या बायका. दोन घरांत एक भिंत. मी केसांत गजरा माळून घेत होते आणि भिंतीपलीकडं माझं सगळं ठरत होतं. बोलवलं तेव्हा पाया पडायलाच बोलवलं. सगळं मनासारखं झालं, आप्पा म्हणाले. लग्न अगदी जवळचं धरलं होतं. एवढी घाई कशाला, मी विचारलं. आई म्हणाली, मुहूर्त चांगला हाय.

दुसऱ्या दिवशीपासून त्याच्या फोनवर 'तुम्ही'चं 'तू' झालं. ठीक आहे म्हटलं, हक्कानं बोलतोय.

त्याच दिवसांत तो पिक्चर आला. मी कॉलेजात असताना वाचलेल्या एका कादंबरीवरचा. प्रेमाची गोष्ट आहे, तशा पुष्कळ असतात. पण त्या कादंबरीत एक जागा आहे जी मी किती वेळा वाचली असेल मलाच ठाऊक नाही. नायिकेची बैठक चाललेली असते. घर गच्च भरलेलं. सुपारी फोडायच्या आधी तिचा बाप उठतो, आत जातो, चुलीपुढं बसलेल्या पोरीला हाताला धरून बाहेर आणतो, सगळ्यांच्या देखत स्वतःच्या जागेवर बसवतो आणि विचारतो, "तुझं काय म्हणणं हाय?" एवढंच. पुढं ती कुणावर प्रेम करते, ते लग्न होतं का नाही, त्याच्याशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. मला ती जागा पडद्यावर बघायची होती. तो बाप कसा दिसतो, कसा विचारतो, हे ऐकायचं होतं.

त्याला सांगितलं तर एका पायावर तयार. शिरूरला लागलाय, मी गाडी घेऊन येतो म्हणाला. लग्नाआधी पोरगी एकटी पाठवायची नाही ही पद्धत, म्हणून त्याची वहिनी सोबतीला. गाडीत ती मागं, मी पुढं. वडगाव रासाई मागं पडेपर्यंत त्यानं रस्त्यातल्या प्रत्येक शेताचा मालक, त्या मालकाची भांडणं आणि कुणी कुणाला कसं पाडलं हे सांगून झालं होतं. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती. मी मधेच म्हटलं, "माझी एक विनंती आहे. पिक्चरमध्ये एक जागा येईल. बैठकीची. तेवढ्या जागेला तुम्ही गप्प बसा. बाकी कितीही बोला."

"शब्द दिला," तो म्हणाला. "आपला शब्द म्हंजी शब्द. तालुक्यात कुणालाबी इचार."

थिएटरात शिरलो तर याला निम्मी माणसं ओळखीची. रामराम, काय मामा, पाणी आलं का कॅनॉलला, कधी आलात काका. अंधार झाला, नावांच्या पाट्या पडल्या, तरी याचं चाललंच. मग पडद्यावर ऊस दिसला. "हा ऊस बघ, खोडवा हाय, पाणी न्हाई त्याला." नायिका विहिरीवर आली. "एवढं दागिनं घालून कोण पाणी भरतं?" नायकानं पत्र लिहायला घेतलं. "फोन न्हवतं तवा लई हाल." पुढच्या रांगेतला एक म्हातारा वळून बघून गेला. हा त्याला म्हणाला, "तुम्हाला दिसतंय ना आबा नीट? का सरकू?"

मी दात आवळून बसले होते. मला सिनेमात बोलणाऱ्या माणसांची मुळातच चीड आहे, त्यात हा माझ्याच खांद्याला लागून. वाटलं तोंडात सगळे पॉपकॉर्न कोंबावेत. मध्यंतरात त्यानं आणखी चार माणसांशी हात मिळवले, आणि परत येऊन मला म्हणाला, "मी जास्त तर बोलत न्हाई ना?" वहिनीला हसू आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, जन्म काढायचाय, सवय होईल. फक्त ती जागा तेवढी राख रे बाबा.

आणि ती जागा आली. ओसरीवर माणसं बसलेली, मधे ताट, ताटात सुपारी. बाप म्हणून जो नट घेतला होता तो अगदी आमच्यातला वाटत होता, खांद्यावर उपरणं, हाताची बोटं जाड. तो उठला. सगळं थिएटर शांत झालं. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले. बाप आत गेला, पोरीच्या हाताला धरून तिला बाहेर आणलं.

"हे काय बरं न्हाई," माझ्या कानाशी आवाज आला. "असं पोरीला बैठकीत आणून इचारायचं म्हंजी जरा अतीच हाय. आपल्यात बघ किती सुरळीत झालं. तुझ्या राजीनाम्याचंबी बोलता बोलता मिटलं."

मी पडद्याकडंच बघत होते. विचारलं, "कसला राजीनामा?"

"नोकरीचा. दुसरा कसला." तो सहज बोलत होता, मघाशी उसाबद्दल बोलला तसंच. "सरपंचपद बायकांसाठी राखीव सुटलंय न्हवं का औंदा. वहिनींना तीन पोरं, दोनाच्या वर चालत न्हाईत, तवा त्यांचा फॉर्म बसत न्हाई. आन् सरकारी नोकरीवाल्याचाबी बसत न्हाई. म्हणून तर लग्न जवळचं धरलं. लग्न झालं की राजीनामा, मंजूर झाला की फॉर्म. शिकलेली बायको उभी केली म्हंजी समोरचा गारच."

"भावजी, गप बसा की," त्याच्या पलीकडनं वहिनी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. तेव्हा मला कळलं की हे सगळ्यांना माहीत आहे.

"माझे वडील काय म्हणाले?"

"आप्पा? ते म्हणालं, तुम्ही म्हणाल तसं. का, तुला सांगितलं न्हाई त्यांनी?" त्याला खरोखरच नवल वाटलं. आणि माझा चेहरा बघून तो मला धीर द्यायला लागला. "तू घाबरू नको. तुला काय बी करायला लागणार न्हाई. सही करायची तेवढी. बोलायचं काम माझं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मी त्या दिवशी बघितली. पडद्यावर बापानं पोरीला विचारून झालं होतं आणि ती काहीतरी बोलली होती. मला ऐकूच आलं नाही. मी उठले, माणसांच्या गुडघ्यांवरनं वाट काढत बाहेर आले.

वहिनी मागोमाग आली. बाहेर ऊन रणरणत होतं. थिएटरच्या पायरीवर उभं राहून ती हळूच म्हणाली, "मीबी शाळेवर होते. खाजगी होती, पण होते. मलाबी लग्न झाल्यावरच कळलं."

"मग मला सांगायचं होतं. एवढा रस्ता तुम्ही माझ्या मागं बसून आलात."

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत असंल," ती म्हणाली. तिला तसं वाटलेलं नव्हतं. मला तिची दया यायला पाहिजे होती, पण नाही आली. जिचं स्वतःचं जळलंय तिनंच मूग गिळून बसावं याचा मला जास्त संताप आला.

तेवढ्यात तो आला, हातात पॉपकॉर्नचा पुडा. "अगं पिक्चर तर पुरा बघ. आता कुठं रंगात आलाय." मी म्हटलं, मी एसटीनं जाते. तो स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आला, सारखा बोलत. राग कशाचा आला, कोण काही बोललं का, वहिनींनी काही लावालावी केली का, सरपंच व्हायला बाया देव पाण्यात घालून बसतात आणि तुला आयतं मिळतंय. गाडी लागली, मी चढले, तो खिडकीखाली उभा राहून अजून बोलतच होता. त्याच्या तोंडावर कसलाही डाव नव्हता. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढाच त्याचा गुन्हा.

घरी आले तर आई आणि आप्पा मेथी निवडत बसले होते. मी चप्पलही काढली नाही.

"आप्पा, बैठकीत माझ्या नोकरीचं ठरलं?"

आईचा हात थांबला. आप्पा काड्या मोडत राहिले. मान वर न करता म्हणाले, "आता चार माणसांपुढं न्हाई कसं म्हणायचं? सुपारी ताटात ठेवल्याली."

"मला बोलवायचं होतं. मी भिंतीपलीकडं होते."

"असं कुठं असतं का गं," आई म्हणाली. "हळूहळू सांगणारच होतो तुला."

हळूहळू म्हणजे कधी? अंगाला हळद लागल्यावर? का फॉर्मवर सही करताना? मी त्या दिवशी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. ज्या माणसानं मला तिसऱ्यांदा परीक्षेला बसवलं, लांब उभं राहून माझी खिडकी बघितली, त्यानं ती नोकरी पाहुण्यांच्या चहाबरोबर देऊन टाकली आणि घरी येऊन तोंडात मिठाची गुळणी धरली. आईला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. ज्या काकूंनी मला गजरा माळला त्यांनाही नंतर कळलं असेल. सगळी शहाणी माणसं, सगळी माझी माणसं, आणि एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही.

फोन मीच केला. लग्न होणार नाही, एवढं सांगून ठेवला. मग त्यांच्याकडचे मामा आले, चुलते आले, सुपारी फुटल्यावर शब्द मोडता म्हणून आप्पांना नाही नाही ते बोलून गेले. आप्पा खाली मान घालून बसून राहिले. मला तेव्हा वाईट वाटलं, कारण बाप आहे. पण मी माघार घेतली नाही.

आणि त्यानंतर महिन्याभरात ती गोष्ट माझ्या कानावर आली. पिक्चरमध्ये बोलला म्हणून मोडलं. मी आधी समजले त्यांच्याकडच्यांनी उठवलं असेल. मग भांडगावच्या चुलत्यांकडं एका पूजेला गेले होते तेव्हा चुलती सरळ म्हणाली, "तुझ्या आप्पांनीच सांगितलं की आम्हाला. म्हणालं, पोरीला पोरगा लई बोलघेवडा वाटला, पिक्चरात बोलला म्हणून रुसली, आता काय करता, शिकल्याली हाय."

म्हणजे बैठकीत जे तोंड उघडलं नाही ते इथं उघडलं. पोरीची नोकरी न विचारता देऊन बसलो, हे कसं सांगायचं भावकीला? त्यापेक्षा पोरगी तिरसट आहे हे सोपं. मी उठले. प्रसाद घेतला आणि निघाले. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा शिरूरच्या थिएटरातसुद्धा आला नव्हता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

विचार केला तर भावकी म्हणते त्यात काही खोटं नाही. तो बोलला म्हणूनच मोडलं. तो घुमा असता, दिलेला शब्द पाळून त्या जागेला गप्प बसला असता, तर मी आज नदीपलीकडं कागदांवर सह्या करत असते. सोयरीक मोडल्यावर त्यानं पंधरवड्यात दुसरी मुलगी केली. ती सरपंच झाली. ग्रामसभेत तो बोलतो, ती शेजारी बसते, असं ऐकते. त्याच्यावरचा माझा राग केव्हाच उतरला.

मी अजून खिडकीत बसते. आप्पांशी बोलते, पण कामापुरतं. ते मुळात अबोल. टीव्हीपुढं बसले तर बातम्या असोत, कीर्तन असो, त्यांच्या तोंडातून शब्द निघत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तोच पिक्चर टीव्हीवर लागला. मी भाकरी खाता खाता बघायला बसले. आप्पा त्यांच्या खुर्चीत होते. विहीर झाली, पत्र झालं, सगळं शांतपणानं बघितलं मी. मग ओसरी आली. माणसं, ताट, सुपारी. बाप उठला, आत गेला, पोरीला हाताला धरून घेऊन आला.

"पंखा आवाज करतोय न्हाई जरा?" आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते वर पंख्याकडं बघत होते. "तेल घालाया पायजे त्याला. आन् उद्या गॅसवाला येणार हाय व्हय? तुझ्या आईला सांगितलं होतं मी. औंदा ऊनबी लईच हाय..." आयुष्यात टीव्हीपुढं चकार शब्द न काढलेला माणूस बोलत सुटला होता, घाईघाईनं, श्वासही न घेता.

"आप्पा, गप्प बसा," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."

ते गप्प बसले. पडद्यावरच्या बापानं विचारलं, तुझं काय म्हणणं हाय. पोरीनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, मला विचार करायला थोडा वेळ द्या. आणि त्यांनी तिला तो दिला.